दोनशे वीस वजा

गुरुजी : ...आणि हा गुलामही काढा. राजा, राणी, गुलाम, सगळे बाहेर. चित्रं नकोत.

झुलाल : बारा जन बाहेर. आमना गावनंच चित्र शे हाई, गुरुजी. राजा-रानी तालुकाले, आठे नुसत्या दुर्र्या-तिर्र्या.

गुरुजी : राहिली चाळीस. एक्का म्हणजे एक, दश्शी म्हणजे दहा. मोजून घ्या तुम्ही.

झुलाल : माले आकडा नई येतस, पत्ता येतस. चाळीस शेतस. हातले वजन समजस.

शेवंताबाई : कसाले हाई परत, गुरुजी? आखाजीना सनथीन आमना घरमा कोनी पत्ताले हात लाया नई. मीच पोतामा बांधीसन ठेवा व्हता हाऊ जोड. तुम्ही उनात आन् यास्नी सोडा.

गुरुजी : शेवटचं, शेवंताबाई. उद्या अर्जाची मुदत संपते. साक्रीच्या वसतिगृहात पाचवीच्या पंधरा मुली घेणार आहेत. आपल्या गावात चौथीच्या पुढे शाळा नाही. झुलालभाऊंचा अंगठा नसला तर बेबाचा अर्ज तिथल्या बाई हातातसुद्धा धरणार नाहीत.

झुलाल : अंगठा देसू. सांगं ना मी. पोर झाकेल पत्ता खरा सांगी, त शाईमा अंगठा. खोटा सांगी, त शनिवारनी नवापूरनी एस.टी. तिनी फुई वाट दखी राह्यनी.

शेवंताबाई : फुईले बारकं पोरगं सांभाळाले पोर पाहिजे. आन् पाच-सात वरीसमा त्याच घरमा सून पाहिजे. दोन्ही कामं एकाच तिकिटमा.

झुलाल : मन्ही सक्खी बहीन शे ती. परकं घर शे का?

गुरुजी : ते राहू द्या. एक पान काढा, झुलालभाऊ. तिला दाखवू नका. मलाही नको.

झुलाल : हाई काढं. आन् हाई मांडीखाले ठेवं. आते पोलिस उनात तरी मी उठाव नई.

गुरुजी : बेबा, इकडे ये. समोर बस. घाबरायचं नाही, वर्गात करतो तसंच. बाबा पान टाकतील ते मिळवत जायचं. चाळीस पानांची बेरीज किती?

बेबा :

गुरुजी : दोनशे वीस. हो ना? एकोणचाळीस पानांची बेरीज झाली की ती दोनशे विसातून वजा करायची. उरेल ते झाकलेलं पान.

झुलाल : बोलत नई ती. आखाजीथीन असंच शे. पानी लई ये सांगं त आनस, भाकर दिधी त खास. तोंड नई उघाडत.

(दुपार, जून १९८८, झुलालच्या घराचा ओटा. झुलाल एकेक पान मोठ्याने म्हणत टाकतो. गुरुजी आणि शेवंताबाई यांचं लक्ष पानांपेक्षा बेबाकडे.)

दुर्री. नव्वा.

गुरुजी : सावकाश.

झुलाल : सावकाश कसाले? आखाजीले मी असा टाकू, फटाफट, तरी ती सांगे. पाच गावना लोके तोंड उघाडं टाकीसन दखेत.

पंजा. एक्का. चव्वा.

शेवंताबाई : पाच गावना लोके आखाजीले झोका दखाले नई येतस, पत्ता कुटाले येतस. पोरी माहेरले येतस, गाना म्हनतस, आन् बाप तीन दिन पिंपळखाले. ते तरी मी सोसी लिधं. पन पोरले तठे बसाडानी रीत कोनी काढी?

झुलाल : मी काढी.

दश्शी.

शेवंताबाई : आन् शाळामा पत्ता कोनी आना? ते भी सांगा, गुरुजी.

गुरुजी : मी आणले. सत्तावीस मुलं, पाट्या नऊ. त्यातल्या दोन फुटलेल्या. खडूचा खोका दिवाळीच्या आत संपतो. मुलांना आठ अधिक पाच विचारलं की ती खिडकीकडे बघायची. मग वाटलं, पाटी नसेल, पण या गावात पत्त्यांचा जोड नाही असं एकही घर नाही. म्हटलं, आखाजीचे उरलेले, मळलेले, काय असतील ते घेऊन या.

झुलाल : मन्हा दोन जोड गयात त्यामा.

गुरुजी : सतरा जोड जमले. आठ आणि दोन, सात आणि तीन, दहाचे जोड लावायला मुलं भांडायची. पळून जायची ती थांबली. शाळा तपासायला साहेब आले, त्यांनी शेऱ्यात लिहिलं, शिक्षक वर्गात जुगार शिकवतात.

झुलाल : हा हा! लिखं तसं?

गुरुजी : लिहिलं. आणि जाताना एक जोड मागून नेला.

छक्का. तिर्री. छक्का.

शेवंताबाई : दोन छक्का लागोपाठ. बेबा, ध्यान शे ना वं?

बेबा :

गुरुजी : बोलू नका तिच्याशी, मोजू द्या. आणि खरं सांगू का, झाकलेल्या पानाचं मी तिला शिकवलंच नव्हतं. एका जोडात पान कमी होतं. मुलं म्हणाली, हरवलं. ही म्हणाली, तिर्री हरवली. मी म्हटलं, कुठे पाहिलीस? तर म्हणाली, पाहिली नाही गुरुजी, बेरजेत तीन कमी पडले. नऊ वर्षांची होती तेव्हा. मी सोळा वर्षं शिकवतोय. त्या दिवशी खोलीवर जाऊन बायकोला पिंप्राळ्याला पत्र लिहिलं.

झुलाल : पोरना कवतिकनं पत्र बायकोले? पिंप्राळानी बाई काय म्हननी?

गुरुजी : म्हणाली, बदलीचा अर्ज कधी करताय.

अठ्ठा. दुर्री.

झुलाल : दखा, तुम्ही पत्र लिखं, मी पिंपळखाले लई गयू. ज्याले जे सुचनं ते त्यानी करं. चीज एकच शे.

गुरुजी : एकच नाही, झुलालभाऊ.

झुलाल : एकच! पहिला दिन चार दाव, चारी खरा. सत्ता सांगे, सत्ता निंघे. लोके म्हनेत झुलालनी पत्ताले खुना करेल शेतस. मंग त्यास्नाच जोड लिधा. तरी खरं. एक यापारी व्हता गुजरातकडला, पानी पेवाले थांबेल. त्यानी बेबाले शंकरपायाना पुडा दिधा. म्हने, श्रावणमा सातम-आठमले हिले आमनाकडे लई ये, तठे आखा गाव पत्ता खेयस, तुना घरवर पत्रा पडी जाई.

सत्ता. नव्वा. एक्का.

शेवंताबाई : पत्रा पडना नई. व्हतं ते गयं.

झुलाल : बेबानी माय, परत नको काढू ते.

शेवंताबाई : मी नई काढत. ती जागा काढस. दखा गुरुजी, त्या खिडकीखाले. फरशीवर चार डाग दिसतस ना? मशीनना पाय. मन्हा बापनी दिधेल व्हती. बारा वरीस तठे बसीसन मी गावन्या चोळ्या शिव्यात. आते नुसत्या सुईवर शिवस. डोया जातस, चोळी पुरी व्हस नई.

चव्वा. चव्वा.

झुलाल : तिसरा दिन. नदीपारना मगन उना. त्याले कोनी पिंपळखाले येऊ देत नई, भांडखोर. त्यानी म्हैस आनी, दावं हातमा धरीसन, दुभती म्हैस. म्हने, झुलाल, तुनी पोर सांगी त म्हैस तुनी. नई सांगी त? मी काय लावू? घरमा लावासारखं एकच व्हतं.

शेवंताबाई : यास्नं नई व्हतं ते.

झुलाल : म्हैस येती त कोन लेतं दूध? मी एकला?

दश्शी. पंजा. तिर्री.

गुरुजी : झुलालभाऊ, नंतर बोलू. तिची बेरीज मोडेल.

झुलाल : मोडी त मोडी. मगन एकेक पत्ता टाके. शेवटना पत्ता पडना. मी म्हनं, सांग बेबा. ती म्हने, पंजा. मगननी झाकेल पत्ता उलटा करा. नव्वा. चारनी चूक, म्हने कोनी तरी. मी म्हनं परत एक दाव. परत खोटं. मंग मगननी मशीन डोकावर लिधी, आन् गानं म्हनत नदीमा उतरना. म्हैस त्याना मांगे.

शेवंताबाई : आन् घर ईसन पोरले कितलं मारं, ते भी सांगा. सांगाले बठनातच त पुरं सांगा.

झुलाल : मारं. मारं मी. नई कशाले म्हनू?

अठ्ठा.

बेबा :

गुरुजी : चुकतात मुलं. इतकी माणसं भोवती, आरडाओरडा, उन्हाचं बसवलेलं...

झुलाल : त्याच लोके, तेच ऊन, दोन दिन बराबर. तिसरा दिनले काय व्हयनं? मी सांगस काय व्हयनं. इद्या पक्की नव्हती. तुम्ही शिकाडेल कच्चं. आते म्हनतस पाचवीले धाडा. कच्चा हिसोबवर साक्रीले धाडीसन काय करू? ते तुमनं वसतिगृह भी मशीनसारखं जाई.

एक्का. छक्का. नव्वा. दुर्री.

गुरुजी : कच्चं नाही तिचं काही. आज कळेलच तुम्हाला. आणि मशीन लावलीय हे मला माहीत असतं तर...

शेवंताबाई : तर?

गुरुजी : काही नाही. टाका पान.

शेवंताबाई : नका टाकू. तर काय, गुरुजी? तुमले माहीत ऱ्हातं त काय करतात तुम्ही?

गुरुजी : तर मी आलो असतो तिथे. थांबवलं असतं.

शेवंताबाई : तुम्ही दोन दिन उनात नई. पोर पिंपळखाले बठेल शे हाई बठ्ठा गावले माहीत व्हतं, तुमले भी. तव्हय थांबाडं नई. मंग मशीननं काबर निंघनं तोंडमाईन?

झुलाल : सत्ता. हाऊ पडना सत्ता. आते सांगा.

गुरुजी : तिला मी सांगितलं होतं.

झुलाल : काय?

गुरुजी : दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातपंपावर भेटली. हंडा भरत होती. म्हणाली, गुरुजी, बाबा मला आठमीला गुजरातला नेणार, मग शाळेचं काय. मी म्हटलं, उद्या चुकीचं सांग. एकदा चुकलीस की तुला तिथे कोणी बसवणार नाही. एवढंच म्हटलं. मला वाटलं, थोडी थट्टा होईल, बाप चिडेल, दोन दिवसांत विसरेल. मशीन लागेल असं... माझ्या डोक्यातही आलं नाही.

बेबा :

पंजा. दश्शी.

शेवंताबाई : पत्ता काय टाकी राह्यनात तुम्ही! आयकं का, ते काय बोलनात?

झुलाल : आयकं.

शेवंताबाई : मंग?

झुलाल : मंग काय, बेबानी माय! पोर चुकनीच नई! समजनं का तुले? चुकनी नई ती! तिले माहीत व्हतं नव्वा शे, आन् तिनी पंजा सांगा. इतला लोकेसमोर, डोया पन हालना नई तिना. अरे, हाई त पक्की खेळाडू शे!

तिर्री. अठ्ठा. चव्वा.

गुरुजी : झुलालभाऊ, तिच्यावर रागावू नका. दोष माझा आहे.

झुलाल : राग? राग कसाना? दीड महिना मी समजू का गुन गया पोरना. मी मारं ते फुकट मारं.

शेवंताबाई : मशीन तुम्ही लई गयात, गुरुजी.

गुरुजी : शेवंताबाई...

शेवंताबाई : मगन नई लई गया. मी दीड महिना त्याले शिव्या दिध्यात. नदीवर धुनं धुताना त्यानी बायको दिसनी त मी तोंड फिराडं. आन् तुमले मी परोनदिन ताक दिधं, याच ओटावर. तुम्ही पिधं.

गुरुजी : मी दुसरी आणून देईन. धुळ्याला जुन्या मिळतात, चांगल्या अवस्थेतल्या...

शेवंताबाई : दिवाळीलोंग तुमनी बदली व्हई जाई. तुम्ही पिंप्राळाले, पोर नवापूरले, आन् मी त्या चार डागसकडे दखत. नका देऊ सबूद. या घरमा सबूद भरपूर शेतस.

नव्वा.

शेवंताबाई : तुले माहीत व्हतं ना वं, बेबा? मगन मशीन लावाले लाई राह्यना, हाई तुना डोयासमोर व्हयनं. बापनी सांगं, मशीन. तू आयकं. तरी पंजा सांगा?

बेबा :

शेवंताबाई : मायनी मशीन, आन् गुरुजीना सबूद. तू गुरुजीना सबूद धरा.

गुरुजी : ती लहान आहे. मोठ्या माणसानं सांगितलं, तिनं ऐकलं.

शेवंताबाई : मी भी मोठी मानूस शे. माले कोनी इचारं का?

पंजा. एक्का.

झुलाल : आते आयका दोन्ही. वाद बंद. पोर खरी शे, मंग हिसोब नवा. आज खरा पत्ता सांगी, त आठमले मी तिले गुजरातले लई जासू. एक मशीन गयी, दोन लई येसू. एक तुले, एक बेबाना लगीनले.

गुरुजी : तुम्ही अंगठ्याचा शब्द दिला होता.

झुलाल : दिधा व्हता. ज्यानी मन्ही पोरले मन्हा पाठमांगे खोटं बोलाले शिकाडं, त्याले दिधेल सबूद कितला दिन टिकाले पाहिजे? तुम्हीच सांगा, तुम्ही शिकेल मानूस.

सत्ता.

गुरुजी : शेवंताबाई, तुम्ही बोला. वसतिगृहाचं तुम्हीच पहिल्यांदा विचारायला आला होता मला. शाळेच्या पायरीवर उभ्या होता, आत येत नव्हता. तुम्हीच म्हणाला होतात, हिला माझ्यासारखं खिडकीखाली बसवू नका.

शेवंताबाई : तव्हय खिडकीखाले मशीन व्हती.

दश्शी. छक्का.

शेवंताबाई : बेबा. इकडे दख मन्हाकडे. खरं सांग वं माय. काय शे तो पत्ता, नीट सांग. एक खेप आठमले जाय बापसंगे. मशीन येऊ दे. मंग शाळानं दखू. पुढला वरीस.

झुलाल : पुढला वरीस, हाव. मी कव्हय नई म्हनं?

गुरुजी : पुढच्या वर्षी जागा नसते. एक वर्ष घरी राहिलेली मुलगी परत येत नाही. सोळा वर्षांत एक आली नाही. म्हणजे आता तिनं खरं सांगितलं तरी शाळा नाही, आणि खोटं सांगितलं तरी नाही. मग हे कशासाठी चाललंय? ठेवा ती पानं खाली.

झुलाल : आखाजीना जोड शे हाऊ. अर्धा दाव सोडत नईत. मन्हा बापनी सोडा नई, गाव पेटनं व्हतं तव्हय भी.

शेवंताबाई : टाका.

तिर्री.

गुरुजी : बेबा, ऐक. बाबांकडे बघू नको, आईकडे नको, माझ्याकडेही नको. तुला काय पाहिजे ते तू सांग. तुला साक्रीला जायचंय ना? नुसती मान हलव.

बेबा :

झुलाल : तिले इचारी राह्यनात! तिले नवापूर जानं शे का आठमले, तेवढं इचारा. साक्रीनी गाडी गयी.

दुर्री. अठ्ठा.

झुलाल : हात रिकामा. एकोनचाळीस व्हयनात. चाळीसावा मन्हा मांडीखाले. सांग, बेबा.

बेबा :

शेवंताबाई : सांग वं.

बेबा :

गुरुजी : दोनशे वीस वजा, बेबा. आलेली बेरीज दोनशे विसातून...

झुलाल : तुम्हीच सांगा मंग, गुरुजी. तुमनाच खेय शे. आन् तुम्ही भी बठेल व्हतात ना आठेच, बठ्ठा पत्ता दखेल. काय शे मन्हा खाले?

गुरुजी : माझी बेरीज मघाशीच सुटली.

झुलाल : घ्या! मास्तरनी सुटनी! मंग या गावमा एकच हिसोबवाली राह्यनी. सांग, बेबा. बाप हात जोडस तुले. सांग.

बेबा : गुरुजी, मी पहिल्या पानापासून मोजलंच नाही.